नाकातला फवारा किती दिवस मारावा?

नाक चोंदलं की हात औषधी फवाऱ्याकडे जातो. पण सगळे फवारे सारखे नसतात.

झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन असलेले फवारे नाकातल्या रक्तवाहिन्या आकसतात. सूज उतरते, काही मिनिटांत श्वास मोकळा होतो. मात्र तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले, तर औषधाचा असर ओसरताच नाक पुन्हा, अधिकच चोंदतं. मग फवारा सुटता सुटत नाही. उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच ते घ्यावेत.

ॲलर्जीसाठीचे फ्लुटिकासोन, मोमेटासोन हे स्टेरॉइड फवारे वेगळे. त्यांचा गुण यायला काही दिवस लागतात. रक्तात ते फार कमी उतरतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते महिनोन्‌महिने वापरता येतात. कोरडेपणा, घोळणा फुटणं हे त्रास संभवतात, म्हणून फवाऱ्याचं तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे नको, बाहेरच्या बाजूला हवं. हे फवारे वापरणाऱ्या मुलांच्या उंचीवर लक्ष ठेवावं.

मिठाच्या पाण्याचा फवारा रोज चालतो. जलनेतीसाठी मात्र पाणी उकळून गार केलेलंच घ्या.

घरातल्या बाटलीवरचं औषधाचं नाव आजच वाचा.