हलगीने कोठे थांबावे?

खासबाग म्हटले की कोल्हापूरकरांच्या डोळ्यांसमोर राजर्षी शाहू महाराजांनी बांधविलेले कुस्तीचे मैदान उभे राहते आणि कानांत हलगी-घुमक्याचा कडकडाट घुमू लागतो. आमचे खासबाग बेळगावचे. शहापूर-वडगावच्या शेजारचे, विणकरांचे. येथे दिवस उजाडतो तो मागांच्या ठेक्यावर. हातमागांच्या जागी पुष्कळ ठिकाणी यंत्रमाग आले. ठेका राहिला, लय तेवढी द्रुत झाली. अशा या वस्तीतील एका गल्लीत गणेशोत्सवासाठी एक गीत ध्वनिमुद्रित करण्याचे मुलांनी मनावर घेतले. त्या खटाटोपात आम्हांस जे शिकावयास मिळाले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. घरोघरी संगणक आले असून मुले घरातच गाणी मुद्रित करू लागली आहेत. तेव्हा हा अनुभव अनेकांच्या उपयोगी पडेल असे वाटते.

गाणारी होती गल्लीतीलच एक सून. साथीला ढोलकी, झांज आणि हलगी. हलगीवर होते सत्तरी ओलांडलेले एक मामा. गावगाड्यात हलगी ही मातंग समाजाकडे वंशपरंपरेने आलेली. मिरवणुकीच्या अग्रभागी मामांची हलगी असावयाची, आणि उत्सवाच्या छापील पत्रिकेवर मात्र त्यांचे नाव कधीच नसावयाचे, ही आमच्या गल्लीचीही जुनी रीत. निदान या मुद्रणात तरी मामांचा हात कायमचा राहावा, अशी मुलांची इच्छा होती.

रात्री माग थांबल्यावर काम सुरू झाले. कारण यंत्रमागाची घरघर भिंतीतून नव्हे, तर जमिनीतून मायक्रोफोनच्या दांडीत चढते. दांडीखाली घडी केलेली वाकळ ठेवली, भिंतींवर आणखी दोन टांगल्या, आणि तीन रात्रींत मुद्रण पार पडले. पुढचे काम होते सर्व वाद्ये व आवाज यांचा मेळ घालण्याचे, म्हणजेच मिश्रणाचे. आमच्या नात्यातील एका मुलाने ते संगणकावर केले. शेजारी बसून आम्ही एकच धोशा लावला होता, "हलगी वाढवा! मिरवणूक वाटली पाहिजे!" त्याने वाढविली. नंतर शब्द ऐकू येईनात, म्हणून गायिकेचा आवाज वाढविला. मग ढोलकी बुडाली, म्हणून ती वाढविली. शेवटी सर्वच वाढले आणि काहीच ऐकू येईना.

ते मिश्रण मामांना ऐकविले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "हे मी वाजवलेलं न्हवं की. कोण वाजीवलंय हे?"

मामांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. हलगीवर दोन काड्या चालतात. एक जाड, एक बारीक. जाड काडीचा ठोका जोरकस, तर बारीक काडीची थरथर हलकी. या चढउतारातच वादकाचा हात ओळखू येतो. आमच्या मुलाने हलगीला 'कॉम्प्रेसर' लावला होता. मोठा आवाज दाबावयाचा आणि मग एकंदर पातळी वर उचलावयाची, असे हे साधन. ते ठोका पडताच एका सहस्रांश सेकंदात आवाज दाबीत होते. त्यामुळे जाड काडीची धार बोथट झाली, बारीक काडीची थरथर वर आली, आणि दोन्ही हात सारखेच वाजू लागले. शिवाय ठोके संगणकाच्या आखीव रेघांवर बसविले होते. मामांची बारीक काडी किंचित मागून येते. त्या किंचित विलंबातच चालण्याचा डौल आहे. तो चूक समजून पुसला गेला होता.

येथे कोणी म्हणेल की ध्वनीवर असे संस्कार करणेच गैर. आम्हांस तसे वाटत नाही. १९६६ साली लंडन येथे 'बीटल्स'च्या 'टुमॉरो नेव्हर नोज' या गीताचे मुद्रण करताना तंत्रज्ञ जेफ एमेरिक यांनी मोठ्या ढोलात चक्क लोकरीचा स्वेटर कोंबला, मायक्रोफोन प्रघाताबाहेर जवळ आणला आणि आवाज भरपूर दाबला. त्यातून ढोलाचा एक नवाच गंभीर नाद निघाला. पुढे १९७९ च्या सुमारास पीटर गेब्रियल यांच्या 'इंट्रूडर' या गीताच्या वेळी फिल कॉलिन्स ढोल वाजवीत असता तंत्रज्ञ ह्यू पॅडगम यांना योगायोगानेच एक चमत्कार गवसला. वादकाशी बोलण्यापुरत्या ठेवलेल्या मायक्रोफोनला जबर कॉम्प्रेसर जोडलेला होता. त्यातून खोलीचा घुमारा प्रचंड फुगून येई. आणि ठराविक पातळीखाली आवाज तोडणाऱ्या 'गेट' या साधनाने तो घुमारा मध्येच कापला जाई. हा कापलेला घुमारा पुढे जगभर गाजला.

परंतु या कथेतील खरी मेख निराळीच आहे. गेब्रियल यांनी त्या मुद्रणात झांजांना बंदी केली होती. झांजेचा नाद लांबत राहिला असता, तर तो मधल्या रिकाम्या जागा भरून टाकता आणि घुमारा कापल्याचे कोणास कळलेही नसते. म्हणजे यंत्राची करामत फळास आली ती काय वाजवावयाचे नाही हे आधी ठरले होते म्हणून. फिल कॉलिन्स यांच्या १९८१ सालच्या 'इन द एअर टुनाइट' या गीतात तर मोठे ढोल साडेतीन मिनिटांहून अधिक काळ येतच नाहीत. ते येतात तेव्हा श्रोता दचकतो, तो या थांबण्यामुळे. थोडक्यात, मिश्रणाच्या आधी मांडणी असते. मांडणी चुकली तर खुंट्या पिळून ती सुधारत नाही.

आमचीही मांडणीच चुकली होती. ढोलकीच्या शाईच्या पुडीला निश्चित स्वर असतो. मृदंग-तबल्याच्या शाईमुळे त्यांच्या नादात स्वरमेळ उत्पन्न होतो, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० मध्येच दाखवून दिले होते. म्हणून ढोलकी गायिकेच्या स्वराला मिळविता येते आणि गाण्याखाली सुखाने नांदते. हलगीला शाई नाही. तिचा कडकडाट कोणा एका स्वरात न राहता सर्वत्र पसरतो, आणि त्याची धार मुख्यत्वे दोन ते पाच हजार कंपनसंख्येच्या पट्ट्यात येते. गाण्यातील क, च, ट, त, स यांसारखी व्यंजने स्पष्ट होतात तीही बव्हंशी याच पट्ट्यात. दोघांना एकाच वेळी बोलू दिले तर शब्द हरवणारच. मैदानात हे जाणवत नाही. तेथे हलगी दूरवर पोहोचावी म्हणूनच कडाडते. मायक्रोफोन मात्र तिच्या पुढ्यात वीतभर अंतरावर असतो.

यावर उपाय मामांनीच सांगितला. म्हणाले, "बाई गाताना मी हळू वाजिवतो, तोंड मिटलं की मारतो. तुम्हीच सारखं मारा म्हणालासा." आणि ते खरेच होते. मुद्रणाच्या वेळी मधल्या जागांतही जोर धरावयाचा आग्रह आमचाच होता.

हलगी पुन्हा मुद्रित केली. या वेळी मायक्रोफोन हातभर मागे नेला. ओळ चालू असताना केवळ बारीक काडी, ओळ संपताच दोन्ही काड्यांचा उठाव, आणि तिसऱ्या कडव्यात हलगी संपूर्ण बंद. तेथे फक्त ढोलकी आणि आवाज. ठोके रेघांवर बसविले नाहीत. कॉम्प्रेसर ठेवला, पण तो पंचवीस-तीस सहस्रांश सेकंदांनी जागा होईल असा, जेणेकरून ठोक्याची धार आधी निसटून जावी. भरदारपणासाठी हलगीची एक प्रत जबर दाबून मूळ आवाजाच्या मागे अगदी मंद ठेवली. घुमारा दिला तो केवळ ओळींच्या मधल्या उठावांना. ढोलकीच्या दोन तोंडांशी दोन मायक्रोफोन होते. त्यांतील एकाची दिशा संगणकावर उलटविताच हरवलेला खर्ज परत आला. ही उलटापालट प्रत्येकाने करून पाहावी आणि ज्या बाजूस खर्ज भरेल ती ठेवावी. गायिकेचा आवाज मात्र आम्हांस एका खुंटीनेही वाढवावा लागला नाही.

'सैराट'च्या (२०१६) संगीतासाठी अजय-अतुल यांनी हॉलिवूडमधील सोनीच्या ध्वनिमुद्रणगृहात पाश्चात्त्य वाद्यवृंद मुद्रित केला. त्याच चित्रपटातील 'झिंगाट' मात्र तालाच्या जोरावर धावते. साधने हॉलिवूडची असोत वा खासबागेतील वाकळीआडची, कोणत्या गीतात कोणी पुढे यावयाचे आणि कोणी मागे राहावयाचे, हा निर्णय माणसाचाच असतो.

नवे मिश्रण मामांनी दोनदा ऐकले. तिसऱ्या कडव्यात हलगी थांबली तेव्हा त्यांची बोटे मांडीवर चालूच होती. ऐकून झाल्यावर त्यांनी इतकेच विचारले, "ह्याची एक प्रत माझ्या नातवाला देशीला न्हवं?" मुलाने ती त्याच वेळी काढून दिली. गीताच्या नामावलीत गायिकेच्या खालोखाल मामांचे नाव आहे. उत्सवाच्या छापील पत्रिकेवर ते अद्याप यावयाचे आहे.