निरंक अहवाल आणि मुलांची सुरक्षितता

सरकारी कामकाजात ‘निरंक’ या शब्दाला मोठा मान आहे. ठरावीक नमुन्यात माहिती पाठवताना तक्रारींच्या रकान्यापुढे हा शब्द लिहिता आला, की लिहिणारा सुटतो आणि वाचणाराही निश्चिंत होतो. प्राथमिक शाळेतील मुलांच्या सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र ही निश्चिंतता फसवी आहे. सहा-सात वर्षांचे मूल लेखी तक्रार करीत नाही. पुष्कळदा आपल्यावर ओढवलेला प्रसंग सांगण्यासाठी त्याच्यापाशी शब्दच नसतात. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १३ राज्यांतील १२,४४७ मुलांना प्रश्न विचारण्यात आले होते. त्यांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाच्या लैंगिक छळाचा अनुभव सांगितला आणि बहुतेकांनी तो त्यापूर्वी कोणालाही सांगितलेला नव्हता. म्हणजे पाहणी झाली नसती, तर या मुलांचा अहवालही निरंकच राहिला असता.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेतील शिशुवर्गाच्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. आरोप शाळेतील कंत्राटी सफाई कामगारावर होता. २० ऑगस्टला संतप्त नागरिकांनी रेल्वे रोखून धरली, तेव्हा महाराष्ट्र हादरला. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून प्रकरणाची दखल घेतली आणि घटना कळूनही शाळेने पोलिसांना का कळवले नाही, हा प्रश्न उपस्थित केला. पाठोपाठ शासन निर्णय निघाला : शाळांत कॅमेरे बसवावेत, कर्मचाऱ्यांची पडताळणी करावी, तक्रारपेट्या ठेवाव्यात, सखी सावित्री समित्या स्थापाव्यात, गैरप्रकार चोवीस तासांत वरिष्ठांना कळवावा.

नियम नवे नव्हतेच

यातील बहुतेक गोष्टी आधीच सांगून झालेल्या होत्या. तक्रारपेटीचे परिपत्रक २०१७ चे आणि सखी सावित्री समितीचा निर्णय मार्च २०२२ चा. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा, ज्याला आपण सर्व जण ‘पोक्सो’ म्हणतो, तो २०१२ पासून लागू आहे. त्याच्या २०२० च्या नियमांनी शाळेसह मुलांशी नित्य संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेवर कर्मचाऱ्यांच्या नियतकालिक पोलीस पडताळणीची जबाबदारी टाकली आहे. याच कायद्याच्या १९ व्या कलमानुसार, असा गुन्हा घडल्याची माहिती असलेल्या वा तो घडण्याची शक्यता वाटणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणाऱ्यास २१ व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थेच्या प्रमुखास एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील एका वसतिगृहाच्या प्रकरणात नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, माहिती असून गुन्हा न कळवणे हा स्वतःच गंभीर अपराध आहे, असे स्पष्ट केले होते. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना तर शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने २०१० पासूनच मनाई आहे.

तेव्हा कायद्याची उणीव होती, असे म्हणता येणार नाही. प्रश्न असा, की एवढे कायदे, नियम आणि परिपत्रके असूनही, मुलाचा पहिला शब्द ज्या प्रौढाच्या कानावर पडतो, तो गप्प का बसतो?

मौनाचा हिशेब

याचे उत्तर केवळ नीतीच्या भाषेत देणे पुरेसे नाही. शिक्षक वा संस्थाचालक इतरांहून अधिक निर्दय असतात, असे मानण्यास आधार नाही. पण ज्या व्यवस्थेत ते काम करतात, तिच्यात बोलण्याची किंमत आज आणि नक्की मोजावी लागते, तर मौनाची किंमत उद्या आणि कदाचितच. खासगी शाळेचे भांडवल म्हणजे तिचा लौकिक. एक गुन्हा नोंदला गेला, की पुढल्या जूनमधील प्रवेश घटतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत पट घसरला, की शिक्षक अतिरिक्त ठरतो. गावात तोंड उघडणाऱ्या शिक्षिकेला गावातच राहायचे असते, आणि संशयित व्यक्ती वजनदार घराण्यातील असली, तर बदलीची टांगती तलवार असते. अशा वेळी ‘आधी आपण आतल्या आत चौकशी करू’ हे वाक्य शहाणपणाचे वाटू लागते. प्रत्यक्षात त्या चौकशीत पुरावा विरतो, मूल पुन्हा पुन्हा तेच सांगून थकते आणि अपराध्याला वेळ मिळतो.

कायद्याने येथे शिक्षकाकडून फार मोठी अपेक्षा केलेली नाही. त्याने तपास करायचा नाही, मूल खरे बोलते की खोटे याचा निवाडाही द्यायचा नाही. शांतपणे ऐकावे, मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवावेत आणि पोलिसांना कळवावे, एवढेच त्याचे काम. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर कोणतीही दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, हे त्याच १९ व्या कलमात नमूद आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता घ्यावा, अशीही तरतूद आहे. या गोष्टी किती शिक्षक-खोल्यांत ठाऊक आहेत? शिक्षेची कलमे सर्वांना सांगितली जातात. संरक्षणाची कलमे सांगण्याचे राहून जाते. खोट्या आरोपाची भीती निराधार आहे, असे नाही. पण तिच्यावरचा उपाय म्हणजे तपास तत्परतेने आणि नीट होणे. माहिती दडवणे हा नव्हे.

मोबाईलची वाट शाळेतूनही जाते

अलीकडे धोक्याचे दुसरे दार उघडले आहे, ते मोबाईलचे. ‘मोबाईल ही घरची बाब, शाळेचा संबंध काय?’ असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा पहिली-दुसरीच्या मुलांच्या हाती मोबाईल देण्याचा आग्रह शाळांनीच धरला होता. शाळा पुन्हा भरल्या, तरी वर्गाचे व्हॉट्सॲप गट उरले आणि गृहपाठही तेथेच येऊ लागला. घरात बहुधा एकच मोबाईल असतो आणि तो वडिलांचा असतो. त्यावर काय येते, खेळता खेळता कोण अनोळखी माणूस गप्पा मारू लागतो, कोण छायाचित्र मागतो, हे पाहण्यास रोजंदारीवर जाणाऱ्या पालकांपाशी वेळ नसतो आणि पुष्कळदा माहितीही नसते.

येथेही शाळेने प्रथम स्वतःकडे पाहावे. उपक्रम झाला, की पुरावा म्हणून छायाचित्र वर पाठवायचे, ही आता प्रशासनाची रीतच झाली आहे. मुलांचे चेहरे, गणवेश आणि शाळेचा फलक एकाच चौकटीत घेऊन ते छायाचित्र गटागटांतून फिरते. ते पुढे कोठे जाईल, यावर कोणाचेही नियंत्रण नसते. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळता येणारी संमती हे तत्त्व मान्य केले आहे. त्यात काही सवलती असल्या आणि अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होणार असली, तरी तत्त्व पाळण्यासाठी शाळेला कोणाची वाट पाहावी लागत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बालकांच्या अश्लील चित्रणाबाबत दिलेला निकालही लक्षात घ्यावा लागेल. असे चित्रण पाहणे वा जवळ बाळगणे ही निरुपद्रवी खासगी बाब नसून तो अपराध ठरू शकतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

मुलांना शिकवायचे ते मात्र साधे आहे. कोणी ‘हे आईला सांगू नकोस’ म्हणाले, तर तेच आधी आईला सांगायचे. आणि सांगितल्याबद्दल मोबाईल काढून घेतला जाणार नाही किंवा मार बसणार नाही, हा विश्वास घरी आणि शाळेत दोन्हीकडे मिळायला हवा. सांगणारे मूलच शिक्षा भोगते, असे एकदा दिसले, की वर्गातील उरलेली मुले तोच धडा घेतात. २००७ च्या त्याच पाहणीत शाळेत जाणाऱ्या दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक शिक्षा झाल्याचे सांगितले होते. ज्याच्या हाती छडी आहे, त्याला मूल मनातले सांगत नाही.

खर्च कोणी सोसायचा?

शेवटी मुद्दा साधनसामग्रीपाशी येतो. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांनुसार साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक मिळतात, आणि स्वतंत्र मुख्याध्यापकाचे पद पट दीडशेच्या वर गेल्याशिवाय मिळत नाही. म्हणजे खेड्यातील शाळेत सर्व समित्या, सर्व नोंदवह्या आणि सर्व अहवाल या दोघांच्याच माथी येतात. समग्र शिक्षा योजनेतून ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाकाठी २५,००० रुपयांचे संयुक्त अनुदान ठरलेले आहे. त्यातून विजेचे देयक, खडू, स्वच्छता, किरकोळ दुरुस्ती आणि आता कॅमेऱ्यांची देखभाल, हे सारे कसे साधायचे? कॅमेरा हा एकदाच करायचा खर्च आहे, तो दिसतो आणि त्याचे उद्‌घाटन करता येते. समुपदेशकाचे वेतन हा आवर्ती खर्च आहे आणि त्याचे फळ डोळ्यांना दिसत नाही. सरकारी तिजोरी पहिल्याकडे झुकते, यात नवल नाही. पण जे मूल कॅमेऱ्यासमोर नव्हे, तर शाळेच्या रिक्षात, शिकवणीत वा नातलगाच्या घरी गाठले जाते, त्याला कॅमेऱ्याचा उपयोग नाही. त्याला ऐकणारे माणूस हवे.

म्हणून तीन गोष्टी प्राधान्याने व्हाव्यात. प्रत्येक केंद्रातील शाळांसाठी मिळून एक प्रशिक्षित समुपदेशक असावा आणि त्याचे वेतन शासनाने द्यावे. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याने ‘तक्रार नाही ना?’ असे विचारू नये. मुलांना १०९८ हा मदत क्रमांक माहीत आहे काय आणि शेवटची तक्रार आल्यावर चोवीस तासांत काय केले, हे विचारावे. आणि ज्या शाळेने स्वतःहून गुन्हा कळवला, त्या शाळेच्या पाठीशी शिक्षण विभागाने उघडपणे उभे राहावे. तिच्या शिक्षकांच्या बदल्या होणार नाहीत, हे पाहावे.

१९१७ साली कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला होता. आजही कायदा पालकाला सांगतो, की मूल शाळेत पाठवणे हे तुझे कर्तव्य आहे. जे राज्य मूल मागून घेते, त्याने ते संध्याकाळी सुखरूप परत करण्याचा खर्च आपल्या अंदाजपत्रकात धरलाच पाहिजे. तोवर रकान्यातील निरंक हा शब्द मुलांच्या सुरक्षिततेचा पुरावा मानता येणार नाही.