रविवारी कुठं जातोस?

लातूरला अकरावी-बारावीला होतो तेव्हा रविवारी टेस्ट नसली की सकाळी साडेआठला मी रूमवरून निघायचो. रूममेट पांघरुणातूनच विचारायचा, "कुठं निघालास बे?" मी म्हणायचो, "मामाकडं."

लातूरमध्ये मला मामा नाही. खरं म्हणजे कुठंच नाही, आईला भाऊच नाही. तरी दीड वर्ष मी हा मामा पोसला. त्याची नोकरी, त्याची दोन पोरं, मामीच्या हातची शेंगाची पोळी, सगळं रचलं. एकदा मामाला ताप आल्याचं सांगितलं. रूममेट चार दिवस रोज विचारत होता, "उतरला का रे ताप?" तेव्हा मात्र लाज वाटली.

मी चर्चला जायचो. एवढीच गोष्ट.

पेत्रानं येशूला ओळखत नाही असं तीनदा सांगितलं होतं. लहानपणी संडे स्कूलमध्ये ही गोष्ट ऐकताना मला त्याचा राग यायचा. लातूरला माझा आकडा तीनच्या कितीतरी पुढं गेला.

मला कुणी मारणार नव्हतं, रूमवरून हाकलणारही नव्हतं. भीती होती ती पुढच्या प्रश्नांची. "ख्रिश्चन? मग आडनाव आपल्यासारखं कसं?" "कन्व्हर्ट झालेले का तुम्ही?" आणि मग हसत हसत, "किती भेटले बे?" हा प्रश्न विचारणारा विसरून जातो. ऐकणाऱ्याला मात्र त्या रात्री अभ्यास सुचत नाही.

बरं, भीती एकीकडूनच होती असंही नाही. गॅदरिंगमध्ये नाचलो तर चर्चमधल्या काकू आईला फोन करणार. गणपतीत पोरांसोबत आरतीला उभा राहिलो तर मंडळीत कुजबुज, नाही राहिलो तर पोरं म्हणणार, "लै कट्टर हाय हा." दोन्हीकडच्या लोकांना सांभाळता सांभाळता मला नेमकं काय वाटतं, हे बघायचं राहूनच गेलं. आपल्यातल्या बऱ्याच जणांचं असंच होतं, धर्म कोणताही असो.

त्यात २०१९ उजाडलं. सप्टेंबरमध्ये बातमी आली, उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो. वसईचे, 'सुवार्ता' मासिकाचे माजी संपादक. बायबलचा सोप्या मराठीत अनुवाद केलेले, त्यासाठी साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळालेले. संमेलनाच्या इतिहासात या पदावर आलेले पहिलेच ख्रिस्ती धर्मगुरू. आणि तेही आमच्या शेजारच्या जिल्ह्यात!

मेसमध्ये पेपर आला आणि चर्चा सुरू झाली. "फादरला कशाला मराठीचा अध्यक्ष?" एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "त्यांनी लिहिलंय काय?" मला उत्तर माहीत होतं. आमच्या घरच्या कपाटात त्यांची पुस्तकं होती. मी खाली मान घालून वरणभात संपवला. ही माझी सगळ्यात मोठी टाळाटाळ. मामापेक्षाही मोठी.

विरोध मेसपुरता नव्हता. आयोजकांना धमकीचे फोन गेले. उद्घाटक ना. धों. महानोर यांनाही जाऊ नका म्हणून सांगितलं गेलं. ते आलेच. १० जानेवारी २०२० ला दिब्रिटोही आले, पाठीचं दुखणं घेऊन. वयाची पंचाहत्तरी ओलांडलेली. त्यांना तब्येतीचं कारण आयतं मिळालं होतं, घरी बसले असते तर कुणी नाव ठेवलं नसतं. ते आले, बोलले आणि देशात चाललेल्या हिंसेबद्दलही बोलले, जे न बोलणं सोयीचं होतं. आपण कोण, हे त्यांनी लपवलं नाही आणि त्याचा गाजावाजाही केला नाही. मला हे दुसरं जास्त अवघड वाटतं. २५ जुलै २०२४ ला ते गेले.

मी संमेलनाला गेलो नव्हतो. दीड-दोन तासांचा रस्ता, पण प्रॅक्टिकल तोंडावर होती. हेही कारणच म्हणा.

त्या सुट्टीत आज्जीच्या ट्रंकेतलं लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' वाचलं. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्यासोबत नव्हत्या. कडक सोवळ्याच्या घरात वाढलेली बाई, हे तिला आभाळ कोसळल्यासारखं होतं. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. नवऱ्याकडं परतल्यावरही सोवळं लगेच सुटलं नाही. स्वतःचा बाप्तिस्मा त्यांनी १९०० मध्ये घेतला. म्हणजे पाच वर्षं लागली! आधी नातेवाइकांच्या दबावाखाली मागं राहिल्या नाहीत आणि मग नवऱ्याच्या दबावाखाली पुढंही गेल्या नाहीत, असं मला वाचताना वाटलं. पटलं तेव्हा केलं. आणि त्या काळातल्या स्वतःच्या फजित्या इतक्या मिश्कीलपणे लिहिल्यात की आपलं पितळ उघडं पडेल ही धास्तीच त्यांना उरली नसावी.

सुट्टीवरून परत आल्यावर एका रात्री लाइट गेली होती. अंधारात बोलणं सोपं जातं. मी रूममेटला सांगितलं. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "म्हणजे ताप कुणालाच नव्हता?"

"नव्हता."

"आयला! आम्हाला वाटलं, तू पोरीला भेटायला जातोस."

दीड वर्ष ज्या मताला मी घाबरत होतो, ते त्यांचं मत हे होतं. सगळ्यांचंच असं झालं नाही, हेही सांगायला पाहिजे. मेसमधल्या एकानं त्यानंतर माझ्याशी बोलणं कमी केलं. "किती भेटले" अजूनही ऐकू येतं, अजूनही टोचतं. फक्त आता मी उत्तर देतो, "पणजोबाला विचारावं लागेल, आणि ते आता भेटणार नाहीत." बहुतेक वेळा समोरचा हसतो आणि विषय पुढं सरकतो. चर्चमधल्या काकूंचं मात्र अजून जमलेलं नाही.

आता नांदेडला एमए करतोय. हॉस्टेलवर या वर्षी नवा रूम पार्टनर आला, कंधारकडचा. पहिल्या रविवारी मी बूट घालत होतो, तेव्हा त्यानं विचारलं, "कुठं चालला?"

छातीत एकदा धडधडलंच. म्हटलं, "चर्चला."

"बरं," तो कूस बदलत म्हणाला, "येताना दूध आण."