रेल्वे गेली, वाट राहिली



फ्रान्सला जाऊन आलेल्या माणसाला पहिला प्रश्न ठरलेलाच असतो: आयफेल टॉवर पाहिला का? दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुटीत लियाँ येथे माझ्या पुतण्याकडे मी काही दिवस राहून आलो, तेव्हा माझ्या वर्गातील मुलांनीही हेच विचारले. मी म्हणालो, "पाहिला. पण त्याहून अधिक लक्षात राहिली ती चव्वेचाळीस किलोमीटरांची एक वाट. तिच्यावर मी दिवसभर सायकल चालवली आणि मागून एकदाही हॉर्न ऐकू आला नाही." मुले हसली. हॉर्नविना रस्ता ही त्यांना गोष्टीतली कल्पना वाटली. त्या वर्गात चाळीस मुले आहेत आणि सायकलवरून शाळेत येणारी तिघेच. बाकीच्यांना सायकल येत नाही असे नाही. त्यांच्या आईवडिलांना रस्त्याची भीती वाटते. त्या हसण्यानेच मला आजचा विषय दिला.

फ्रान्सच्या ग्रामीण भागात सायकलने हिंडणाऱ्याला जी शांतता लाभते, ती निसर्गाने आपोआप दिलेली आहे असे प्रथमदर्शनी वाटते. द्राक्षांचे मळे, पांढऱ्या गाई, दूरवर एखाद्या देवळाचा टोकदार मनोरा; यात माणसाने काय केले, असे मनात येते. वस्तुतः ही शांतता माणसाच्या श्रमातून आणि पुढे त्याच्या एका शहाणपणाच्या निर्णयातून निर्माण झालेली आहे. तिचे तीन उगम सांगता येतील: गावोगावचे लहान रस्ते, जुने कालवे आणि बंद पडलेले लोहमार्ग.

पहिला उगम रस्त्यांचा. फ्रान्समध्ये सुमारे 35 हजार स्वतंत्र ग्रामसंस्था आहेत. त्यांतील कित्येक गावे शेदोनशे वस्तीचीच. परंतु प्रत्येक गावाला शेजारच्या गावाशी जोडणारा पक्का रस्ता आहे. देशातील रस्त्यांची एकूण लांबी सुमारे 11 लाख किलोमीटर असून त्यांपैकी निम्म्याहून अधिक रस्ते असे गावपातळीवरचे आहेत. लांब पल्ल्याच्या मोटारी महामार्गांनी आपल्याकडे ओढून घेतल्या आणि हे लहान रस्ते रिकामे राहिले. मिशेलिन कंपनीच्या नकाशांत मोठे रस्ते तांबडे, दुय्यम रस्ते पिवळे आणि गावरस्ते पांढरे दाखवतात. अनुभवी सायकलस्वार नकाशा उघडतो तो पांढऱ्या रेघा शोधण्यासाठी. तांबडी रेघ त्याने ओलांडायची असते, धरायची नसते.

दुसरा उगम कालव्यांचा. यंत्रे येण्यापूर्वी कालव्यांतील नावा घोडे ओढीत असत आणि त्यांच्यासाठी पाण्याच्या कडेने एक सपाट वाट राखलेली असे. दक्षिणेतील तुलूझ शहरापासून भूमध्य समुद्राकडे जाणारा सुमारे 240 किलोमीटरांचा मिदी कालवा हे याचे उत्तम उदाहरण. पिएर पॉल रिके या गृहस्थाने चौदाव्या लुईच्या आज्ञेने 1666 नंतर हे काम हाती घेतले. डोंगरातील ओढ्यांचे पाणी एकत्र करून ते नोरूझच्या खिंडीपर्यंत आणायचे आणि तेथून दोन्ही बाजूंना सोडायचे, ही त्याची युक्ती. कालवा 1681 च्या मे महिन्यात खुला झाला. रिके त्यापूर्वी काही महिनेच, 1680 च्या ऑक्टोबरात, मरण पावला होता. आज त्याच्या कालव्याच्या काठाने सायकली धावतात. पाणी सपाट असते म्हणून वाटही सपाट असते. नावांना वरखाली नेणारे पाण्याचे दरवाजे जेथे आहेत, तेवढाच काय तो लहानसा चढ. मात्र एक सूचना केली पाहिजे: तुलूझपासून पहिल्या पन्नासेक किलोमीटरांपर्यंत वाट चांगली बांधलेली आहे, पुढे पुष्कळ ठिकाणी ती कच्ची असून झाडांच्या मुळांनी उंचसखल झाली आहे.

तिसरा उगम रेल्वेचा, आणि माझ्या मते सर्वांत बोधप्रद. 1879 मध्ये सार्वजनिक बांधकाम मंत्री शार्ल द फ्रेसिने यांच्या योजनेनुसार देशाच्या कानाकोपऱ्यांतील लहान शहरांपर्यंत लोहमार्ग नेण्याचे ठरले. हजारो किलोमीटरांचे फाटे टाकले गेले. टेकड्या कापल्या, दऱ्यांवर भराव घातले, नद्यांवर कमानी उभारल्या. इंजिनाचे गुळगुळीत चाक गुळगुळीत रुळावर तीव्र चढ चढू शकत नाही. म्हणून शंभर मीटर अंतरात दोनतीन मीटरांहून अधिक चढ येऊ नये अशी काळजी अभियंत्यांनी घेतली. पुढे मोटारी आल्या, बसगाड्या आल्या आणि विसाव्या शतकात यांतील कित्येक फाटे एकामागून एक बंद पडले. रूळ उखडले गेले. मागे राहिली ती काट्याकुट्यांनी भरलेली एक लांबच लांब पट्टी.

या पट्टीचे काय करायचे? दोन्ही कडेच्या शेतकऱ्यांना तुकड्यातुकड्याने विकून टाकणे सर्वांत सोपे होते, आणि अनेक ठिकाणी तसे झालेही. परंतु बर्गंडी प्रांतात सोन नदीच्या पश्चिमेस जीव्री ते क्लूनी हा जुना मार्ग अखंड राखण्यात आला. त्यावर डांबर घालून 1997 मध्ये तो पादचारी आणि सायकलस्वार यांना खुला केला गेला. फ्रान्समधील पहिली 'व्हुआ व्हेर्त', म्हणजे हिरवी वाट, म्हणून ती ओळखली जाते. पुढे 2004 मध्ये तेथील वाहतूक नियमांतही अशा वाटेची व्याख्या समाविष्ट झाली: यंत्राच्या वाहनांना मज्जाव असलेला मार्ग.

याच वाटेवरून मी भाड्याची सायकल घेऊन निघालो. जीव्री हे द्राक्षमळ्यांचे गाव. सकाळच्या उन्हात मळ्यांच्या रांगा उतारावर फणीने विंचरल्यासारख्या दिसत होत्या. पुढे मळे संपून कुरणे लागली; कुंपणाच्या झुडपांआडून पांढऱ्या शारोले गाई मान वर करून पाहत. जुन्या फाटकवाल्यांची लहान घरे वाटेच्या कडेला अजून उभी आहेत. एका घराच्या खिडकीत तांबड्या फुलांच्या कुंड्या होत्या आणि दारात एक आजीबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी मला "बाँझूर" केले, मीही केले. मोटारीतून जाताना असा नमस्कार घडत नाही. त्याला सायकलचाच वेग लागतो. कोर्मातँचा जुना वाडा मागे पडला. टेकडीवर तेझे गाव दिसले. 1940 मध्ये ब्रदर रॉजे यांनी तेथे जो बंधुसंघ सुरू केला, त्याच्या प्रार्थनेसाठी आज नाना देशांचे तरुण जमतात. कानांवर येत होता तो पक्ष्यांचा आवाज आणि माझ्याच साखळीची खरखर. साखळीला तेल हवे होते, हे मला त्या शांततेतच समजले!

संध्याकाळी क्लूनीला पोहोचलो. येथे 910 मध्ये एका मठाची स्थापना झाली. 1088 मध्ये आरंभ झालेले त्याचे तिसरे मंदिर रोममधील आजचे सेंट पीटर्स उभे राहीपर्यंत ख्रिस्ती जगातील सर्वांत मोठे होते. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर ते सरकारने विकून टाकले, आणि घेणाऱ्यांनी ते दगडांच्या खाणीसारखे वापरले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची कित्येक वर्षे सुरुंग लावून, भिंती पाडून दगड विकले जात होते. आज उभा आहे तो एक अल्पसा भाग आणि पवित्र जलाचा म्हणून ओळखला जाणारा अष्टकोनी मनोरा. त्या मनोऱ्याखाली उभा राहून मी वर पाहिले, तेव्हा एक ख्रिस्ती माणूस म्हणून मन कष्टी झाले. पण शिक्षक म्हणून एक गोष्ट मनात स्पष्ट झाली. एकाच गावात दोन टाकून दिलेल्या वस्तू होत्या. एक तुकडे करून विकली गेली. ती आता कोणत्याही किमतीला परत मिळणार नाही. दुसरी अखंड ठेवली गेली. तिला दुसरा जन्म मिळाला. वाटेचे मोल तिच्या सलगतेत असते. चव्वेचाळीस किलोमीटरांतील एक किलोमीटर विकला, तरी वाट उरत नाही. उरतात ते दोन तुकडे.

क्लूनीच्या पुढे हीच वाट माकाँ शहराकडे जाते, आणि मध्ये ब्वा क्लेर नावाचा सुमारे 1600 मीटर लांबीचा जुना रेल्वे बोगदा लागतो. मेमध्येही आत चांगलाच गारवा होता. हिवाळ्यात हा बोगदा बंद ठेवतात, कारण तेथे वटवाघळे निद्रेसाठी येतात. माणसाने रेल्वेकडून घेतलेली वाट वर्षातील काही महिने वटवाघळांना परत दिली जाते, ही गोष्ट मला फार आवडली.

अशा प्रवासाची परंपरा फ्रान्समध्ये जुनी आहे. सँतेतिएनचे पॉल द व्हिव्ही (1853 ते 1930) यांनी 'व्हेलोसिओ' या नावाने लिहीत सायकलवरील पर्यटनाचा आयुष्यभर पुरस्कार केला. भूक लागण्यापूर्वी खावे, तहान लागण्यापूर्वी प्यावे, आणि केवळ प्रौढी मिरवण्यासाठी कधीही पायडल मारू नये, असा त्यांचा उपदेश होता. 1936 मध्ये कामगारांना कायद्याने दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली, तेव्हा हजारो कुटुंबे सायकलवरूनच प्रथम समुद्र पाहावयास निघाली. म्हणजे हा श्रीमंतांचा शौक नव्हता.

ज्यांना असा योग येईल त्यांच्यासाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. दुपारी बारा ते दोन गावची दुकाने बहुधा बंद असतात. तेव्हा पाव सकाळीच घ्यावा. पाणी संपले तर गावची दफनभूमी शोधावी. फुलझाडांसाठी तेथे नळ असतोच, मात्र पाणी पिण्याजोगे नसल्याची पाटी नाही ना, हे पाहून घ्यावे.

या शांततेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वाट शांत आहे याचे एक कारण असे की गावे ओस पडत आहेत. शाळेची बंद दारे आणि कायमची मिटलेली पावाची दुकाने मला वाटेत दिसली. शिवाय राखलेली वस्तूही सदैव राखावी लागते. मिदी कालव्यावर सुमारे 42 हजार प्लेन वृक्षांची सावली होती. 2006 मध्ये तेथे एका बुरशीचा रोग आढळला. त्यावर उपाय नसल्याने हजारो झाडे तोडून जाळावी लागली. आता त्यांच्या जागी निरनिराळ्या जातींची रोपे लावत आहेत. लावणारे हात त्यांच्या पूर्ण सावलीत बसणार नाहीत. रिकेनेही आपला कालवा पूर्ण खुला झालेला पाहिला नाही.

माझ्या वर्गातील ज्या मुलांना हॉर्नविना रस्ता ही गंमत वाटली, त्यांना मी दुसऱ्या दिवशी फळ्यावर हीच वाट काढून दाखवली. एका मुलाने विचारले, "सर, रूळ काढल्यावर ती जमीन कोणी घेतली का नाही?" मी म्हटले, "घेणारे पुष्कळ होते. विकायची नाही असे ठरवणारे थोडे होते." आपल्या गावातील पडीक पाणंद, ओढ्याकाठची वाट, शाळेमागची बोळ यांच्याकडे त्याने त्या दृष्टीने एकदा पाहिले, तर माझा फ्रान्सचा प्रवास फुकट गेला नाही असे मी समजेन.