रामदासपेठेची पोस्ट आणि शहराचा नकाशा

नागपूर - २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वसाहतींत पाणी शिरले. रामदासपेठही त्यातून सुटली नाही. बुडालेल्या मोटारींची आणि घरात शिरलेल्या पाण्याची छायाचित्रे पाहता पाहता समाजमाध्यमांवर पसरली. या पोस्टचा नगरनियोजनाला काही उपयोग होऊ शकतो काय?

जकार्ता शहरात तो करून पाहण्यात आला. ऑस्ट्रेलियातील वोलोंगाँग विद्यापीठ आणि शहराची आपत्ती व्यवस्थापन यंत्रणा यांनी डिसेंबर २०१४ मध्ये 'पेटाजकार्ता' प्रकल्प सुरू केला. ट्विटरवर कोणी पुराचा उल्लेख केला, की संगणकच त्याला उत्तर धाडून ठिकाणासह माहिती मागवी. अशी आलेली माहिती सर्वांना दिसेल अशा नकाशावर उमटे. उलट विचारण्याची ही पायरीच महत्त्वाची. कारण बहुतेक पोस्टना ठिकाण जोडलेले नसते. 'रामदासपेठेत पाणी' एवढ्यावरून अभियंत्याला ना पूल कळतो, ना तुंबलेली नाली. एकच छायाचित्र शंभर वेळा फिरले म्हणून शंभर ठिकाणे बुडालेली नसतात. शिवाय मोहल्ल्याच्या व्हॉट्सअॅप गटांतील संभाषण नियोजनकर्त्यांना दिसतच नाही आणि ट्विटरनेही, म्हणजे आताच्या 'एक्स'ने, २०२३ मध्ये माहितीसाठ्याची मोफत वाट बंद केली.

याहून मोठा पेच म्हणजे बोलतो कोण? बोस्टनमध्ये २०१२ साली मोबाईलला बसणाऱ्या हादऱ्यांवरून खड्डे शोधणारे 'स्ट्रीट बम्प' आले, तेव्हा गरीब आणि वृद्धांकडे असे मोबाईल कमी असल्याने त्यांच्या वस्तीतील खड्डे सुटतील, ही त्रुटी लक्षात आली. नागपूरची स्मार्ट सिटी योजनेत निवड सप्टेंबर २०१६ मध्ये झाली. विकासासाठी निवडलेला भाग मात्र पूर्वेकडील पारडी, पुनापूर, भरतवाडा आणि भांडेवाडीचा होता. केंद्राच्या त्या अभियानाची मुदत ३१ मार्च २०२५ ला संपली, प्रश्न उरलाच आहे. रुग्णालये आणि शिक्षणसंस्थांनी गजबजलेल्या रामदासपेठेची हाक लवकर ऐकू येते, पण नाग नदी पुढे पूर्वेकडेच वाहते. तिकडून पोस्ट आली नाही म्हणजे पाणी आले नाही, असा हिशेब मांडला तर पाणी उपसणारे पंपही पश्चिमेलाच थांबतील.

त्यामुळे अशा पोस्ट पर्जन्यमापकाच्या आकड्यांशी, नाल्यांच्या नकाशांशी आणि पुरानंतरच्या पंचनाम्यांशी ताडून पाहाव्या लागतात. पंचनाम्यात मोबाईल नसलेल्यांचीही घरे असतात.