म्हातारीच्या गोष्टी कुणाच्या?

द्वंद्वयुद्धात पुश्किनसमोर दान्तेस पिस्तूल घेऊन उभा आहे, चॉर्नाया रेच्काच्या काठावर गुडघाभर बर्फ आहे, आणि आज तुम्हाला तिथं न्यायचं मी कबूल केलं होतं. पण ते दोघं आणखी आठवडाभर थांबतील. नंदुरबार तालुक्यातल्या कोरीटहून एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलंय. त्यांचं म्हणणं असं, की मिखाइलोव्हस्कोयेच्या हद्दपारीबद्दल लिहिताना पुश्किनच्या दाईला मी दोन ओळींत उरकलं. गोष्टी तिच्या आणि पुस्तकावर नाव त्याचं, हा काय न्याय झाला? शिवाय त्यांची आजी भिलीतून गोष्टी सांगायची, त्या त्यांना आता लिहून ठेवायच्यात. कशा लिहाव्यात, हा त्यांचा दुसरा प्रश्न. दोन्ही प्रश्न इतके नेमके आहेत की आजचा अख्खा लेखांक दाईचा.

अरीना रोदियोनोव्हना. जन्म १७५८ चा, पीटर्सबर्गजवळच्या सुयदा परिसरातला. जन्मानं भूदास. पुढच्याच वर्षी तो सगळा मुलूख माणसांसकट विकला गेला आणि घेणारा होता पुश्किनचा पणजोबा अब्राम हॅनिबल. होय, तोच, ज्याच्यावर आपण दोन लेखांक खर्ची घातले. म्हणजे पणजोबानं जमिनीबरोबर विकत घेतलेली तान्ही पोर पुढे पणतवाला गोष्टी सांगणार होती. १७९७ मध्ये पुश्किनची थोरली बहीण ओल्गा जन्मली आणि अरीना दाई म्हणून त्या घरात आली. मग अलेक्सांद्र, मग धाकटा लेव्ह, सगळे तिच्याच अंगाखांद्यावर वाढले.

त्या घराची भाषा फ्रेंच. आईवडील फ्रेंच बोलायचे, शिक्षक फ्रेंच, वडिलांच्या कपाटातली पुस्तकंही बहुतेक फ्रेंच. शाळेत तर पोरांनी त्याचं नावच ‘फ्रेंच’ पाडलं होतं. रशियन ऐकायची ती आजीकडून आणि नोकरमाणसांकडून. घरात एक बोली आणि फळ्यावर दुसरी, हे ज्यांनी नंदुरबारच्या शाळांत अनुभवलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. फक्त पुश्किनच्या बाबतीत पारडं उलटं होतं. मोठ्यांची भाषा परकी आणि चाकरांची भाषा देशाची.

ऑगस्ट १८२४ मध्ये तो हद्दपार होऊन मिखाइलोव्हस्कोयेला आला. पंचवीस वर्षांचा, नावारूपाला आलेला, चिडलेला. वडिलांशी भांडण होऊन घरची मंडळी निघून गेली आणि लांबलचक हिवाळ्यात सोबतीला उरली ती साठी ओलांडलेली अरीना. नोव्हेंबरात त्यानं धाकट्या भावाला दिनक्रम कळवला: सकाळी लिहिणं, दुपारी घोडा, संध्याकाळी गोष्टी ऐकणं. आपल्या फुकट गेलेल्या शिक्षणाची उणीव या गोष्टींनी भरून निघतेय, असंही त्यानं त्याच पत्रात लिहिलं. बालपणी ऐकलेल्या गोष्टी त्यानं आठवून लिहिल्या असं आपण समजतो, पण तसं नाही. मोठ्या वयात, कवी म्हणून, कान टवकारून तो त्या पुन्हा ऐकत होता.

अशा सात गोष्टी त्यानं वहीत उतरवल्या. पण उतरवल्या त्या त्रोटक. राजा कोण, राणीवर कुभांड कुणी रचलं, पिंपात घालून समुद्रात कुणाला सोडलं, असा नुसता सांगाडा. म्हातारी कुठे थांबली, कुठे आवाज चढवला, हुंकार देणाऱ्याला कुठे दटावलं, यातलं फारसं काही नाही. त्या सांगाड्यावर त्यानं पुढे स्वतःचं मांस चढवलं. १८३० मध्ये भटजी आणि त्याचा गडी बाल्दा यांची गोष्ट, १८३१ मध्ये झार सल्तान, १८३३ मध्ये मृत राजकन्या. साखळीवर फेऱ्या मारत गोष्टी सांगणारं ते सुप्रसिद्ध मांजरही याच टिपणांतून उठून ‘रुस्लान आणि ल्युदमिला’च्या १८२८ च्या आवृत्तीत जाऊन बसलं. एक गोष्ट तर त्यानं कवी झुकोव्हस्कीला देऊन टाकली, आणि त्यातून झुकोव्हस्कीची झार बेरेंदेयची कथा झाली. बाल्दाच्या नशिबी मात्र सेन्सॉर आला. ती कथा छापली गेली १८४० मध्ये, कवीच्या मृत्यूनंतर, आणि तीही भटजीचा व्यापारी करून.

सल्तानच्या गोष्टीत राजपुत्र भुंगा होऊन उडतो. रिम्स्की-कोर्साकोव्हनं १९०० मध्ये या गोष्टीवर ऑपेरा केला आणि त्या भुंग्यासाठी एक भन्नाट वेगाची धून रचली. जगभरचे वादक आपल्या बोटांची चपळाई दाखवायला आजही तीच वाजवतात. वाजवणाऱ्यांपैकी अरीनाचं नाव कितीजणांना ठाऊक असेल?

इथं दुसरी बाजूही मांडायला हवी. शतकभर रशियन शाळांनी चरख्यापाशी बसलेली दाई आणि तिच्या पायाशी कवी, असं चित्र इतकं गिरवलं, की पुश्किनची प्रत्येक परीकथा तिच्याच खाती जमा झाली. ते खरं नाही. सोन्याच्या कोंबड्याची गोष्ट त्यानं अमेरिकन लेखक वॉशिंग्टन आयर्व्हिंगच्या पुस्तकातून उचलली. हा माग कवयित्री आन्ना आख्मातोवानं काढला आणि १९३३ मध्ये छापला. कोळी आणि मासोळीची गोष्ट ग्रिम बंधूंच्या संग्रहात सापडते. ‘येव्गेनी ओनेगिन’मधली तात्यानाची दाई आपल्या दाईवरून घेतल्याचं त्यानं स्वतः लिहिलंय, पण ती दाई तेराव्या वर्षी लग्न होऊन गेलेली आहे. अरीनाचं लग्न झालं १७८१ मध्ये, म्हणजे बाविशी उलटल्यावर. कवी माणसं घेतात ती अशी, हवं तेवढं ठेवून.

मग अरीनाचं स्वतःचं असं काय उरलं? तिला लिहितावाचता येत नव्हतं. सप्टेंबर १८२६ मध्ये झारनं पुश्किनला मॉस्कोला बोलावून घेतलं, त्यानंतर १८२७ मध्ये तिनं दुसऱ्यांकडून लिहवून घेतलेली दोन पत्रं शिल्लक आहेत. मार्चच्या पत्रात ती पैसे मिळाल्याचं कळवते, तू सतत मनात असतोस म्हणते, आणि उन्हाळ्यात ये, तुझे सगळे घोडे वाटेवर आणून उभे करीन असं बजावते. गोष्टींच्या टिपणांत जो आवाज सापडत नाही तो इथं लख्ख ऐकू येतो. आणखी एक वस्तू आहे: ओक लाकडाची छोटी पेटी, झाकणाला नाणं टाकायची खाच, आतल्या बाजूला अडीअडचणीच्या दिवसासाठी असा मजकूर आणि जुलै १८२६ ची तारीख. कवी याझिकोव्हच्या घराण्यानं ती जपली. जुलै १८२८ च्या अखेरीस पीटर्सबर्गमध्ये ओल्गाच्या घरी अरीना वारली. स्मोलेन्स्कोये दफनभूमीतलं तिचं थडगं पुढे कुणाला सापडलं नाही. १९३७ मध्ये, पुश्किनच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली तेव्हा, पूर्वीच्या त्सारस्कोये सेलो या गावालाच त्याचं नाव देण्यात आलं.

आता खान्देशात या. आसोद्याची बहिणाबाई, जन्म १८८०, लग्न तेराव्या वर्षी, अक्षरओळख नाही. जात्यावर, शेतात गाणी सुचत आणि तोंडी राहत. मुलगा सोपानदेव स्वतः कवी. त्यानं आणि पितांबर चौधरींनी ती गाणी कागदावर उतरवली. सोपानदेवांना ती मांडणी, ते विषय घेऊन प्रमाण मराठीत स्वतःच्या कविता करता आल्या असत्या, आणि कुणी बोटही दाखवलं नसतं. त्यांनी तसं केलं नाही. बोली तीच ठेवली, नाव आईचं ठेवलं. १९५२ मध्ये, तिच्या निधनानंतर वर्षभरात, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. कोरीटची पोरं नंदुरबारच्या कॉलेजातून जी पदवी घेतात, तिच्यावर विद्यापीठाचं नाव म्हणून २०१८ पासून याच बाईचं नाव आहे.

पुश्किननं चोरी केली, असं मी म्हणणार नाही. त्यानं गोष्ट घेतली आणि कविता केली, तो त्याचा धर्मच होता, आणि तो नसता तर त्या सात गोष्टींची टिपणंही राहिली नसती. पण ते काम करायला पुश्किन लागतो. सोपानदेवांनी केलं ते काम कोरीटला बसून करता येतं.

तेव्हा गुरुजी, आजीच्या गोष्टी सुधारू नका. भिलीत ऐकल्या तशा भिलीतच, देवनागरीत उतरवा. मराठी अर्थ समोरच्या पानावर द्या. ती कुठल्या प्रसंगी सांगायची, अडखळायची कुठे, ऐकणाऱ्यानं हुंकार दिला नाही तर काय म्हणायची, हेही लिहा. आठवत नसेल तिथं जागा कोरी सोडा, मनानं भरू नका. तुमच्या भावंडांना वेगळं आठवत असेल तर तेही शेजारी नोंदवा. आणि पहिल्या पानावर आजीचं पूर्ण नाव, माहेर, सासर. तुमचं नाव खाली, लिहून घेणारा म्हणून.