विटांचे कमानदार छत : तेरच्या चैत्यगृहापासून वर्ध्याच्या कवेलूपर्यंत

चैत्यगृह म्हटले की कार्ले व भाजे येथील गजपृष्ठाकार छत आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. तथापि बांधकामाच्या दृष्टीने ते छत नव्हेच. डोंगर कोरून काढलेली ती पोकळी आहे. तिच्यातील लाकडी फासळ्या भार पेलत नाहीत, त्या पूर्वीच्या लाकडी सभागृहांची स्मृती जतन करतात. तोच आकार विटांत उभारायचा झाल्यास मात्र प्रत्येक विटेला आपला भार उचलावा लागतो.

असे उदाहरण धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजेच प्राचीन तगर, येथे आजही उभे आहे. त्रिविक्रम मंदिर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या वास्तूचा विटांचा, मागे अर्धवर्तुळाकार असलेला गाभा हे मूळचे बौद्ध चैत्यगृह होय, असे मत हेन्री कझेन्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडले. पुढील मंडप नंतरचा आहे. येथे दोन्ही भिंतींवरील विटांचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा किंचित पुढे काढीत छत वर मिटविले आहे. ही रीत सुरक्षित खरी, पण तीत छत उंच होते आणि दालन अरुंद राहते.

खऱ्या कमानीत विटा आडव्या न बसविता वर्तुळाच्या केंद्राकडे रोखून बसवितात. उत्तर प्रदेशातील भितरगावच्या गुप्तकालीन विटांच्या मंदिरात अशी कमान आढळते. वीट दाब उत्तम सोसते, ताण मात्र सोसत नाही. सपाट स्लॅब भाराखाली वाकतो व त्याच्या खालच्या बाजूस ताण येतो, म्हणून तेथे लोखंडी सळ्या घालाव्या लागतात. कमानीत भार दाबाच्याच रूपाने खाली उतरतो, त्यामुळे छताला लोखंड लागत नाही. याची किंमत भिंतींना द्यावी लागते, कारण कमान त्यांना सतत बाहेर ढकलीत असते. जाड भिंती, बाहेरून दिलेले धिरे किंवा दोन्ही बाजूंना बांधून ठेवणाऱ्या सळ्या हेच यावरील उपाय आहेत.

या विद्येचा आधुनिक प्रयोग आपल्या वर्ध्यात झाला आहे. १९७६ साली स्थापन झालेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने कुंभाराच्या चाकावर घडविलेल्या निमुळत्या, पोकळ कवेलूंचे छत प्रचारात आणले. एका कवेलूचे अरुंद तोंड दुसऱ्याच्या रुंद तोंडात बसवीत साच्यावर कमान रचतात. अशा कमानी शेजारी शेजारी लावून वरून गिलावा करतात. आतील हवेमुळे उन्हाळ्याची झळ कमी पोहोचते आणि कुंभाराला काम मिळते. इटलीतील राव्हेना येथे सहाव्या शतकातील सान व्हिताले चर्चच्या घुमटातही मातीच्या पोकळ नळ्या अशाच एकमेकींत गुंफलेल्या आहेत.

सिंदी मेघेसारख्या वर्धा शहरालगतच्या वस्तीत विहार बांधू इच्छिणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. आपल्याकडील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. पाया किंचित सरकला तरी कमानीचा तोल बिघडून तडे जातात. म्हणून पाया घट्ट मुरुमापर्यंत नेणे, भिंतींच्या माथ्यावर सलग पट्टा देणे आणि अनुभवी अभियंत्याकडून भिंतींची जाडी ठरवून घेणे अनिवार्य आहे. त्यात हयगय झाल्यास स्वस्त छत महाग पडते. १९९३ च्या किल्लारी भूकंपात चिखलात रचलेल्या जड दगडी भिंतींनी घेतलेले बळी विसरता येत नाहीत.

विहाराच्या दर्शनी भागावर सिमेंटची चैत्यकमान काढून मागे सपाट स्लॅब टाकणे आज सर्वत्र दिसते. त्यात आकार राहतो, विद्या राहत नाही. जेथे जमीन, कारागीर व जाणकार मार्गदर्शक अनुकूल आहेत, तेथे निदान एखादे वाचनालय वा अभ्यासिका तरी खऱ्या कमानीच्या छताखाली उभी करण्याचा विचार विहार समित्यांनी अवश्य करावा.